दोन वर्षांचं लेकरू, सोबत सासूबाई आणि पहिलंच विमान: निपाणीच्या ताईंसाठी जरा लांबलचक उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही निपाणीत राहता, मुलगा 24 जानेवारीला दोन वर्षांचा होतोय, तुम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई असे मिळून 26 जानेवारीच्या सुट्टीला जोडून 23 ते 27 विमानानं कुठंतरी जायचं म्हणताय, मिस्टरांच्या डोक्यात दिल्ली-आग्रा आहे, कुणीतरी सांगितलंय की गोव्याहून तिकीट स्वस्त पडतंय, आणि सासूबाईंचं म्हणणं एवढ्या लहान लेकराला विमानात नेलं तर कान फुटतात. मी बेळगावात बरीच वर्षं तिकीट बुकिंगचं काम करते, स्वतःची दोन पोरं अशीच कडेवर घेऊन फिरवलीत, त्यामुळं दोन्ही बाजूंनी सांगते.

पहिली गोष्ट, विमानातला तास-सव्वा तास हा या सगळ्यातला सगळ्यात सोपा भाग असतोय. लेकरू दमतंय आणि आईबाप वैतागतात ते घरातनं निघाल्यापासनं विमानात बसेपर्यंत आणि उतरल्यापासनं हॉटेलची खोली मिळेपर्यंत. म्हणून लहान पोर असलेलं गिऱ्हाईक आलं की मी आधी तिकिटाचा दर सांगतच नाही, उंबऱ्यापासनं हॉटेलच्या पलंगापर्यंत एकूण किती तास होतात ते कागदावर मांडून दाखवते. पाच-सहा तासांच्या आत बसत असेल तर जा, आठ-नऊच्या वर जात असेल तर ठिकाण बदला नाहीतर विमानतळ बदला. खाली जे काय सांगतेय ते सगळं याच हिशोबानं सांगतेय.

आता तुमच्या तारखांचा घोळ बघू, कारण तो पैशाचा आहे. आपल्याकडं विमानात दोन वर्षांच्या आतलं मूल इन्फंट धरतात, मांडीवर बसतंय, त्याला वेगळी सीट नसते आणि थोडेच पैसे लागतात. दोन वर्षं पूर्ण झाली की चाइल्ड, त्याला स्वतःची सीट घ्यावीच लागते आणि देशांतर्गत स्वस्त कंपन्यांमध्ये चाइल्डचं भाडं जवळपास मोठ्या माणसाएवढंच असतंय, रेल्वेसारखं अर्धं तिकीट असं काही डोक्यात ठेवू नका. आणि वय बघतात ते प्रवासाच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नव्हे. तुमचा मुलगा 23 ला इन्फंट आणि 27 ला चाइल्ड. म्हणजे जाताना मांडीवर, येताना सीट. बऱ्याच वेबसाईटवर एकाच राउंड ट्रिपमध्ये असं अर्धं-अर्धं टाकताच येत नाही, मग दोन वेगळी तिकिटं काढावी लागतात, आणि कुणी दोन्हीकडं इन्फंट टाकून गेलं तर परतीच्या काउंटरवर जन्मदाखला बघून थांबवतात, तिथं त्या दिवसाच्या दरानं सीट घ्यावी लागते, तीसुद्धा शिल्लक असली तर.

माझं मत विचाराल तर सुट्टी मिळत असेल तर संक्रांत झाली की लगेच 16-17 तारखेला निघून 20-21 ला परत या. मुलगा दोन्ही बाजूला इन्फंटच राहतो आणि 26 जानेवारीची गर्दी पण टळते, त्या आठवड्यात विमानतळावर तपासणी कडक असते, कधी कधी शिडीपाशी पुन्हा एकदा पर्स-पिशव्या उघडायला लावतात, लेकरू कडेवर आणि हातात चार नग असताना ते नको होतंय. पण सुट्टी 23 चीच असेल तर सरळ दोन्हीकडं त्याची सीट घ्या, काही कंपन्या इन्फंटलाही सीट विकत देतात, विचारायचं. बारा-तेरा किलोचं पोर मांडीवर घेऊन बसायचं म्हणजे आईला हलता येत नाही आणि त्याला तर बसायचंच नसतंय.

जन्मदाखला आत्ताच कपाटातनं काढून बघा. इन्फंट तिकीट असलं की वयाचा पुरावा लागतोच. आपल्या भागात हमखास होणारी गोष्ट अशी की बाळंतपण माहेरी झालेलं असतंय, माहेर गडहिंग्लज नाहीतर कोल्हापूरकडचं, मग दाखला तिकडच्या नगरपालिकेचा असतोय आणि तो आणायचाच राहिलेला असतोय. दुसरं म्हणजे दाखला आहे पण त्यावर मुलाचं नावच नाही, कारण नोंद झाली तेव्हा बारसं झालेलं नव्हतं. वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतंय, पण त्याला हेलपाटे पडतात, निघायच्या आठवड्यात ते काम काढू नका. कर्नाटकातल्या दाखल्यावर कन्नडसोबत इंग्रजीही असतंय त्यामुळं भाषेची काळजी नको. तिकिटावर नाव दाखल्यात जसं आहे तसंच टाका, घरात हाक मारायचं नाव टाकू नका, पिंटू नावाची तिकिटं मी बघितलीत. आणि मूळ दाखला सोबत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो आहे म्हणून घरी ठेवू नका.

आता कुठनं निघायचं. तुम्ही बेळगाव जिल्ह्यात म्हणून सांबरा, म्हणजे बेळगावचं विमानतळच धरून चाललाय, पण निपाणीहून कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ बघा की, चाळीसेक किलोमीटर, कोगनोळी टोलनाका ओलांडला की कागल आणि मग लगेचच. सांबऱ्याला यायचं तर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर बेळगाव आणि वर शहरातनं पलीकडं बागलकोट रोडला दहा-बारा किलोमीटर, शहरात अडकला की दोन तास धरा. खानापूर, बेळगाव, हुक्केरीवाल्यांनी सांबरा बघावं, निपाणी-चिकोडीवाल्यांनी आधी उजळाईवाडी बघावं, जिल्हा कुठला आणि राज्य कुठलं हे लेकराला काय करायचंय. दोन्ही विमानतळ छोटे, हे लहान पोर असलेल्यांना फार सोयीचं, गाडीतनं उतरल्यापासनं काउंटरपर्यंत पन्नास पावलं, रांगा लहान, मोठ्या विमानतळावर गेटपर्यंतच अर्धा किलोमीटर चालवतात.

गोव्याचं तिकीट स्वस्त पडतंय हे खरं आहे, मोठे विमानतळ, कंपन्या जास्त, त्यामुळं दर पडलेले असतात. पण मोपा असो वा दाभोळी, निपाणीहून घाट उतरून जायचं म्हणजे तीन-साडेतीन तास आरामात, चोर्ल्यानं जावा नाहीतर आंबोलीनं. गंमत म्हणजे गाडी लागण्याचा त्रास दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सहसा होत नाही, त्यानंतर सुरू होतोय, तर मुलगा कदाचित मजेत राहील आणि सासूबाईंना मात्र वळणावळणावर गाडी थांबवावी लागेल. वर चौघांचे वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, परतीला विमान रात्री उतरलं तर अंधारात घाट. तरणी माणसं असतील तर मी स्वतःच गोव्याहून काढून देते, तुम्हाला नाही देणार. पुण्याचा तर विषयच नको, रस्त्यानंच अर्धा दिवस जातोय आणि हायवेचं काम कुठं ना कुठं चालूच असतंय.

छोट्या विमानतळांची एक अडचण सांगून ठेवते. इथनं सुटणाऱ्या बऱ्याच मार्गांची सुरुवात उडान योजनेतनं झालेली आहे, त्यात कंपनीला तोटा भरून द्यायला सरकारी मदत मिळते पण ती तीन वर्षांपुरती, मदत संपली आणि विमान भरत नसलं की मार्ग बंद होतोय नाहीतर रोजचं आठवड्यातनं तीनदा होतंय. म्हणून शेजारच्यांनी मागच्या वर्षी अमुक ठिकाणी सरळ विमान पकडलं यावर जाऊ नका. वेळापत्रक वर्षातनं दोनदा बदलतंय, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळ्याचं लागतंय आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळ्याचं. जानेवारीला जायचं तर हिवाळ्याचं पक्कं झाल्यावर काढा, आणि काढल्यावरही महिनाभर आधी एकदा बघा वेळ तीच आहे का, कंपनी वेळ बदलते तेव्हा मेसेज येतोय पण तो ज्याच्या नंबरवर बुकिंग आहे त्याला, आणि एजंटनं स्वतःचा नंबर टाकलेला असला की तुम्हाला पत्ताच नसतोय. तिकीट कुणाकडनंही काढा, नंबर तुमचा टाकायला सांगा.

दिल्ली-आग्रा जानेवारीत लहान पोराला घेऊन नको, मिस्टरांना माझ्याकडनं सांगा. धुक्यानं विमानं तासन् तास लेट होतात, थंडी आपल्याला झेपणारी नाही, हवा खराब, आणि प्रजासत्ताक दिनाच्या परेडसाठी आठवडाभर रोज सकाळी दोन-अडीच तास विमानांना तिथं येणं-जाणं बंद ठेवतात, त्यामुळं उरलेल्या दिवसाचं वेळापत्रकही दाटीवाटीचं. शिवाय आग्र्याला जायला परत चार तास गाडी. ताजमहाल कुठं जात नाही, पोरगं सहा-सात वर्षांचं झालं की जावा, त्याला पण आठवेल. मनाली-काश्मीर पण आत्ता नको, बर्फात लेकराला चार थर कपडे घालायचे आणि डायपर बदलायला चारही काढायचे.

पहिल्या खेपेला मी हैदराबाद सुचवते. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्हीकडनं सरळ विमान असतंय, सव्वा तासाच्या आसपास, विमान बदलायचं नाही. जानेवारीत हवा छान, दिवसा कोवळं ऊन आणि रात्री एक स्वेटर. लेकराला नेहरू प्राणीसंग्रहालय, तिथं आत फिरायला बॅटरीची गाडी मिळते, सोमवारी बंद असतंय तेवढं लक्षात ठेवा. सासूबाईंना बिर्ला मंदिर आणि सालारजंग म्युझियम, ते शुक्रवारी बंद. सालारजंगमध्ये ते बाहुल्यावालं घड्याळ आहे, तास पडायच्या वेळी छोटा माणूस येऊन घंटा वाजवतोय, त्यासाठी माणसं बाकांवर बसून वाट बघतात, ते मात्र पोरांना फार आवडतंय. 1 जानेवारीपासनं 15 फेब्रुवारीपर्यंत नामपल्लीला नुमाइश भरतं, मोठं प्रदर्शन, तिथं तुम्ही दोघींनी जावं आणि मुलगा बापाजवळ हॉटेलवर, गर्दीत न्यायचं ठिकाण नाही ते. चारमिनार बघा पण सकाळी दुकानं उघडायच्या आधी. रामोजी फिल्म सिटीला अख्खा दिवस जातोय आणि चालणं फार, या खेपेला सोडा. एका दिवसात एकच ठिकाण, सकाळचं. दुपारी खोलीवर येऊन सगळ्यांनी झोपायचं, संध्याकाळी जमलं तर बाग नाहीतर काही नाही. बंगळूर मार्गे कोची, उदयपूर ही ठिकाणं चांगलीच आहेत पण दोन विमानं आली. जायचंच ठरलं तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घ्या, मधे दोन-अडीच तास ठेवा, पहिलं लेट होऊन दुसरं चुकलं तर जबाबदारी कंपनीची राहते, वेगवेगळी काढली की तुमची.

विमानाची वेळ निवडताना स्वस्त कुठलं हे नंतर बघा, मुलगा दुपारी कधी झोपतोय ते आधी. पहाटेचं विमान म्हणजे रात्री अडीचला उठवायचं, दिवसभर किरकिर. सकाळी दहा-अकराचं सगळ्यात बरं, खाऊन-पिऊन निघतोय, विमानतळावर जरा पळतोय, विमानात पेंगतोय. रात्रीचं विमान घेऊ नका, दिवसभर इतर ठिकाणी झालेला लेट साठत साठत रात्रीच्या विमानावर येतोय.

आपल्या इथनं हैदराबादला बहुतेक पंख्यांचं एटीआर विमान असतंय. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की बाहेर पंखा फिरताना दिसेल, आवाज मोठा येईल आणि जरा हादरेल, ते जुनं-बिनं नसतंय, त्याची रचनाच तशी. दोन-दोन सीटच्या रांगा, मधे वाट. चढायचं-उतरायचं मागच्या दारानं. पुढच्या रांगा पंख्यांच्या जवळ म्हणून तिथं घरघर जास्त, मागं जरा शांत आणि टॉयलेटही मागंच, त्यामुळं मागच्या बाजूच्या सीट घ्या. तुम्ही आणि मुलगा एका बाजूला, वाटेच्या पलीकडं मिस्टर आणि सासूबाई, खिडकी सासूबाईंना द्या, पहिल्यांदा बसताहेत. मांडीवरचं मूल असेल तर एका बाजूच्या रांगेत एकच इन्फंट घेतात, आणि इमर्जन्सी दाराच्या रांगेत लहान मुलाला बसवतच नाहीत. सीट मिळावी म्हणून पैसे भरायची सक्ती नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या एका तरी पालकाशेजारी सीट द्यायला पाहिजे असं डीजीसीए म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं 2024 साली कंपन्यांना बजावलंय. पण सासूबाईंचं तिकीट वेगळं काढू नका, सगळे एकाच पीएनआरवर.

डोक्यावरचे कप्पे एटीआरमध्ये लहान असतात, मोठी हँडबॅग दारातच काढून खाली टाकायला घेतात. लेकराची पिशवी म्हणून वेगळी छोटी मऊ पिशवी करा, ती सीटखाली मावली पाहिजे. सामान साधारण पंधरा किलो चेक-इन आणि सात किलो हातात असं माणशी असतंय. ढकलगाडी बहुतेक कंपन्या फुकट घेतात पण मी म्हणेन नेऊच नका, आपल्या फुटपाथवर ती चालते कुठं, अंगाला बांधायचा कॅरियर घ्या.

हॉटेलपेक्षा मोठा प्रश्न एक आहे जो कुणी विचारत नाही, मुलगा झोळीत झोपतोय का. आपल्याकडं दोन-अडीच वर्षांपर्यंत पोरं झोळीशिवाय डोळा लावत नाहीत आणि हॉटेलात आढ्याला हूक नसतोय. रात्री अकराला अनोळखी खोलीत तो झोळी मागणार आणि आज्जी, आई, बाप पाळीपाळीनं खांद्यावर घेऊन व्हरांड्यात फिरणार. निघायच्या तीन आठवडे आधीपासनं त्याला पलंगावर थोपटून झोपवायची सवय लावा, सुरुवातीला दुपारची झोप, मग रात्रीची. आणि झोळीचं तेच जुनं लुगडं न धुता बरोबर न्या, अंथरून त्यावर झोपवा, घरचा वास असला की लेकरू लवकर शांत होतंय. हॉटेलवाल्याला फोन करून विचारा, खोलीत केटल आणि छोटा फ्रिज आहे का, पलंग भिंतीला लावता येतोय का, बाल्कनी असेल तर कठड्याच्या गजांत अंतर किती. खोली दुपारी मिळत असेल आणि तुम्ही सकाळी पोचत असाल तर लवकर चेक-इनची बोलणी आधीच करून ठेवा, त्यासाठी थोडे पैसे गेले तरी जाऊदे.

खाण्याचं आपल्या बायकांना शिकवायला नको. दशम्या, मऊ थालीपीठ, केळी, राजगिऱ्याचा लाडू, नाचणीचं सत्व डब्यात आणि केटलमध्ये गरम पाणी. चुरमुरे चालतील, एक-एक वेचत बसतोय त्यात वेळ चांगला जातोय, पण त्यातले शेंगदाणे काढा, चार वर्षांच्या आत अख्खा शेंगदाणा, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतंय आणि विमानात ते झालं तर दवाखाना कुठनं आणायचा. नातेवाइकांसाठी कुंदा, म्हणजे आपली बेळगावची मिठाई नेणार असाल तर चेक-इनच्या बॅगेत तळाला, पोराच्या नजरेस पडू देऊ नका. देशांतर्गत विमानाला शंभर मिलीची अट नसते, बाळाचं दूध, पाणी, खिमट प्रवासापुरतं नेऊ देतात, तपासणीत बाहेर काढून दाखवा, कधी चाखून दाखवायला सांगतात तर दाखवायचं. सासूबाईंच्या बॅगेत मात्र एकदा हात घाला, ओटीसाठी म्हणून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या ठेवलेल्या असतात, सुकं खोबरं पेटतं म्हणून विमानात नेऊ देत नाहीत, मशीनमध्ये दिसलं की बॅग उघडायला बोलावतात. लोणचं हातातल्या पिशवीत नको. पॉवर बँक उलटी, ती हातातच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही. आणि मुलाच्या पायात चांदीचे वाळे, कमरेला घुंगराचा करदोटा असेल तर तपासणीला वाजतंय, घरीच काढून ठेवा, रांगेत उभं राहून दोरा सोडायला लागतोय.

विमानतळावर दोन तास आधी पोचा, काउंटर तासभर आधी बंद होतंय. तपासणी झाल्यावर त्याला एका जागी बसवून मोबाईल देऊ नका, तिथं पळू द्या, दमू द्या. मोबाईल विमानात शेवटचा उपाय. डायपर बोर्डिंग सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी बदला, एटीआरच्या टॉयलेटमध्ये मोठ्या माणसालाच वळता येत नाही. लहान मुलं असलेल्यांना आधी चढवतात, मी तरी म्हणते मिस्टरांना सामान घेऊन आधी पाठवा आणि तुम्ही मुलाला घेऊन शेवटी चढा, बंद विमानात पंधरा मिनिटं कमी बसावं लागतंय.

आता कानाचं, म्हणजे सासूबाईंची समजूत पटेल. कानाच्या पडद्यामागं हवा असते आणि तिथनं घशात उतरणारी एक बारीक नळी असते. विमान उतरायला लागलं की केबिनमधला दाब वाढतोय, पडदा आत ओढला जातोय, गिळलं की नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतोय. मोठ्या माणसाला हे आपोआप जमतंय, लेकराची नळी अरुंद असते म्हणून दुखतंय आणि ते रडतंय, रडण्यानंही नळी उघडतेच. कान सहसा फुटत-बिटत नाही. त्रास वर जाताना कमी आणि उतरताना जास्त, आणि उतरणं सुरू होतंय ते जमिनीला टेकायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी. म्हणून दूध-पाणी सगळं वर जातानाच संपवू नका, निम्मं राखून ठेवा. अंगावर पीत असेल तर अंगावर घ्या, नाहीतर बाटली, स्ट्रॉचा कप, काहीही ज्यानं तो घोट-घोट गिळेल. कानात कापूस घालून काही होत नाही, दाब कापसानं अडत नाही. एक मात्र खरं, जोरदार सर्दी किंवा कान दुखत असेल तर नळी सुजलेली असते आणि मग दुखणं खरंच मोठं होतंय. निघायच्या दोन दिवस आधी सर्दी झाली तर डॉक्टरांना कान बघायला सांगा, आणि त्यांनी नको म्हटलं तर तारीख बदला, पोराच्या कानापेक्षा डेट चेंजचे पैसे मोठे नाहीत.

औषध देऊन झोपवायचं कुणी सुचवेल. मी डॉक्टर नव्हे पण एवढं सांगते, फेनरगन म्हणजे प्रोमेथाझिन दोन वर्षांच्या आतल्या मुलाला द्यायचंच नसतंय, श्वास मंदावण्याचा धोका असतोय, आणि काही पोरं त्यानं झोपायच्या ऐवजी उलट चवताळतात. सर्दीच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांच्या आत देऊ नका असं आपल्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात बाटलीवर छापायला लावलंय. तापाचं पॅरासिटामॉल तेवढं डॉक्टरांकडनं वजनावर डोस लिहून घेऊन ठेवा, ओआरएसची पाकिटं ठेवा, आणि ते पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असेल तर एक लिटरच घ्या, वाटीत चिमूटभर असं नको.

सीटवर बसवताना बेल्ट लावायचा असतो आणि पोरगं तिथं पहिलं भोकाड पसरतंय, कारण आपल्या गाडीत ते कधी बेल्टमध्ये बसलेलंच नसतंय. आत्तापासनं कोल्हापूरला जाता-येता मागच्या सीटवर बेल्ट लावून बसवत चला. मांडीवरचं असेल तर हवाई सुंदरी वेगळा छोटा बेल्ट देते, तो तुमच्या बेल्टात अडकतोय, नाही दिला तर मागून घ्या. मांडीवर नाहीतर शेजारी लेकरू असताना चहा घेऊ नका, हादरा बसला तर कप त्याच्या अंगावर जाणार, मिस्टरांना पलीकडं पाहिजे तर पिऊदेत. रडला तर रडूदे. लोक बघतात, बघूदेत, त्यातल्या निम्म्यांची पोरं अशीच रडलेली असतात. खेळणी आवाज न करणारी, आणि त्यातलं एखादं नवीन जे त्यानं आधी बघितलेलं नाही, ते विमान आकाशात गेल्यावरच बाहेर काढायचं. आमच्या थोरल्यानं स्टीलची छोटी डबी आणि आत दोन मोठी बटणं एवढ्यावर अख्खा प्रवास काढलाय, बटणं मात्र तोंडात जाणार नाहीत एवढी मोठी.

विमान लेट झालं तर गप्प बसू नका. एवढ्या लहान पल्ल्याच्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर असेल तर खाणं-पिणं द्यायला पाहिजे असा नियम आहे, सहा तासांच्या वर जात असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत यातलं एक मागता येतंय. मागितल्याशिवाय कुणी आणून देत नाही. पाण्यापावसाच्या दिवसांत आपल्या दोन्ही विमानतळांवर ढग खाली आले की विमान उतरू शकत नाही आणि दुसरीकडं नेतात, पण जानेवारीत तो त्रास सहसा नाही.

शमशाबादहून, म्हणजे हैदराबादच्या विमानतळावरनं शहरात जायला पाऊणएक तास धरा, गाडी आधी ठरवून ठेवा, मुलाला मागच्या सीटवर घ्या, तुमच्याच बेल्टच्या आत त्याला मांडीवर घेऊ नका, दाब त्याच्या पोटावर येतोय. हिशोब असा पडतोय: निपाणी ते उजळाईवाडी पाऊण तास, विमानतळावर दोन, विमान सव्वा, सामान आणि गाडी अर्धा, शहरात पाऊण ते एक. साडेपाच तासांत खोलीवर. हेच गोव्याहून केलं तर आठच्या पुढं जातंय, आणि दिल्ली बंगळूर मार्गे केलं तर दिवस संपतोय.

तिकिटं काढायच्या आधी तारीख 17 धरायची की 23 तेवढं घरात ठरवा, आणि परतीचं विमान सुट्टीच्या शेवटच्या दिवशी नको, एक दिवस आधीचं घ्या. आल्या आल्या दुसऱ्या दिवशी मिस्टरांना ड्युटी आणि पोराची झोप उलटीपालटी असं झालं की घरात सगळ्यांची चिडचिड होते. दाखल्यावर नाव नसेल तर मात्र आधी ते काम काढा, तिकीट मग.